डिंकाचा दगा

४ जून, संध्याकाळ
जमलं! डिंकाच्या पाण्यात औषध टाकलं, ढवळलं, आणि भांड्यात निळसर दुधी झाक आली. म्हणजे कण तयार झाले. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, आणि प्रत्येकाच्या पोटात औषध. वाटेत सांडलवंड न करता नेमक्या पत्त्यावर पोचवणारा कुरिअरवालाच म्हणायचा. सर म्हणाले, योगायोग नको, महिनाअखेरच्या मीटिंगपर्यंत पुन्हा करून दाखव. जमलं तर संशोधनाचा हा विषय तुझा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देईन. पुन्हा काय, डोळे मिटून करीन.
ताई (लॅबमधली सिनियर, सख्खी नाही, पण सख्खीहून जवळची) दिवसभर मदतीला होती. मी भांडी घासत होते म्हणून पाण्याची बाटलीही तिनेच भरून आणली. शुद्ध पाण्याचं मशीन बंद होतं, तरी कुठून तरी आणलंच. मी लगेच लेबल लावलं: शुद्ध पाणी, तारीख, माझी सही. शाळेत जायच्या आधी आत्याने घरी शिकवलं ते हेच. बाटलीत काय ते बाटलीवर. आणि मोठ्यांवर संशय घ्यायचा नाही.

९ जून
मशीन दुरुस्त झालं. ताजं, स्वच्छ पाणी. तोच डिंक, तेच औषध. झाक नाही. भांड्याच्या आरपार समोरची भिंत दिसते.
घाबरले नाही. फक्त जेवले नाही.

१२ जून
डिंक बदलला असणार. हा डिंक दादा झाडावरून स्वतः खरवडून पाठवतो. फोन केला, तर म्हणाला, झाड तेच आहे गं, मीही तोच आहे, तूच जरा बदलल्यासारखी वाटतेस. सख्खा भाऊ! आत्याने त्याच्या हातून फोन काढून घेतला. म्हणाली, दुसऱ्याची चूक शोधण्याआधी आपले हात धू.
हात धुतले. मग डिंकही धुतला. गाळला, पुन्हा गाळला.
संकल्प: आजपासून कोणावर संशय नाही.

१६ जून
लॅबमधल्या काकांवर संशय. माझ्या भांड्यात चहा केला असावा. विचारलं (अगदी नम्रपणे). काकांनी कपाटातून आपला कान तुटलेला कप काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, बाई, तुमच्या भांड्यात चहा करायचा म्हणजे आधी तुमची परवानगी, मग साबण, मग पुन्हा तुमची परवानगी. तोवर माझी ड्युटी संपते.
माफी मागितली. तरी भांडी ॲसिडने धुऊन काढली. आता पाणीही मशीनमधून दोनदा काढते. याहून शुद्ध पाणी जगात नसेल.
झाक नाही. पूर्वी भिंत दिसायची, आता भिंतीवरचा कोळीही दिसतो.

१९ जून
वाईट दिवसांत माणूस कळतो. ताईने आपणहून माझी सगळी टिपणं वाचायला नेली. परत देताना विचारलं, पाणी कुठलं वापरतेस गं हल्ली? मी अभिमानाने सांगितलं, दोनदा शुद्ध केलेलं. तिने टिपणांतलं ४ जूनचं पान पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाली, वा, असंच चालू दे.
एवढं प्रोत्साहन मला घरूनही मिळालेलं नाही.

२५ जून
आज डिंकाशी बोलले. म्हटलं, मी तुझं काय वाईट केलं? तुला आंघोळ घातली, तुझ्यासाठी भावाशी भांडले. सगळ्यांनी दगा दिला तरी चालेल, पण तू?
दार उघडं होतं. काका ऐकत होते. न मागता चहा आणून दिला, त्यांच्या कपात.
ताई हल्ली लवकर येते आणि दार लावून काम करते. थकत असेल बिचारी.

३० जून, मीटिंगनंतर
ताईने भाषण केलं. विषय: डिंकाचे कण.
४ तारखेला ताईने आणलेलं पाणी नळाचं होतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं, तेच डिंकाच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, म्हणून कण होतात. शुद्ध पाण्यात बांधणारं कोणीच नाही. आता ती मोजून कॅल्शियम घालते आणि दर वेळी झाक येते. पुरावा म्हणून पडद्यावर माझ्या फसलेल्या सगळ्या बॅच दाखवल्या. ओळीने, लखलखीत. सर म्हणाले, इतकं निर्मळ अपयश मी आजवर पाहिलं नव्हतं.
विषय ताईला दिला.
बाहेर मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? म्हणाली, अगं, सांगणारच होते, पण तू लेबल लावून मोकळी झालीस. खरंय, लेबल माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही.
आत्याला कळवलेलं नाही. तिच्या शिकवणीत या प्रसंगाचा धडाच नव्हता.

१ जुलै
मशीन पुन्हा बंद. ताईने मलाच बाटली भरून ठेवायला सांगितलं. तिला उद्या सरांपुढे प्रयोग करायचाय. बाटलीत नळाचं पाणी असलं तर तिच्या मोजलेल्या कॅल्शियमचं सगळं गणित बिघडणार.
नळाचं भरलं. मनात वाईट काही नाही. मशीन बंद आहे, एवढंच. तिला सांगणारच आहे.

२ जुलै, सकाळ
सगळं कबूल करायला धावत गेले. ताई शांतपणे भांडी मांडत होती, बाटली रिकामी. म्हणाली, काय गं, एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला लिहायचं? वाचलं आणि कुंड्यांना घालून टाकलं. काकांनी शेजारच्या लॅबमधून शुद्ध पाणी आणून दिलंय.
बाटली उचलून पाहिली. नळाचं पाणी, तारीख, माझी सही. लिहिल्याचं आठवतही नाही.
आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दगा द्यायला निघाले, तर तोही लेबल लावून.