डावीकडची चाकं

२१ सप्टेंबर, रविवार
अण्णांनी जेवताना जाहीर केलं, दसऱ्याच्या आधी गाडीची चारही चाकं लखलखीत झाली पाहिजेत. सासऱ्यांनी जाहीर करायचं आणि सुनेने कंबर मोडून घ्यायची, या घरात हे जुनंच आहे. मी म्हटलं, चिंच लावून घासते, देवाच्या तांब्यासारखी निघतील. घास हातातच राहिला. "चिंच? माझ्या चाकांना?" मग सोडा, लिंबू, तारेची घासणी, एकेकाचं नाव घेऊन बंदी. अण्णांची अख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, अ‍ॅल्युमिनियमवर रंग चढवायच्या अ‍ॅनोडायझिंगच्या टाक्यांपाशी. चाकांसाठी जीव टाकतात.

महेशचं पालुपद चालूच: गाडी विकू या. तो स्टेशनला स्कूटरवर जातो, मी शाळेत चालत. गाडी बाहेर निघते ती फक्त गुरुवारी. अण्णा बदलापूरहून उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जातात, गोपाळदासच्या सीट कव्हरच्या दुकानात. दोन म्हातारे चहा पितात, भांडतात, मग अण्णा परत येतात.
"अण्णा, म्हातारी झाली ती गाडी."
"मग मलाही काढ विकायला."
विषय संपला. भात वाढला.

२४ सप्टेंबर, बुधवार
शाळेतून आल्यावर उजवीकडची दोन चाकं केली. पार्किंगमध्ये स्टुलावर बसून अण्णांचं मार्गदर्शन. आधी नुसतं पाणी, मग कोमट पाण्यात शाम्पू, लहान मुलांचा दात घासायचा ब्रश, मऊ फडकं. ब्रेकची काळी भुकटी कोपऱ्याकोपऱ्यांतून निघतच होती. ऊन पडलेलं चालत नाही, चाक गरम असलेलं चालत नाही, जोर लावलेला चालत नाही. म्हटलं, अण्णा, माझी मुलं सुद्धा मी इतक्या हळुवार आंघोळीला घातली नाहीत. "म्हणून तशी झाली," म्हणाले.

पुसल्यावर मात्र खरंच बघत राहिले. फिक्या मधाचा रंग. अण्णांनी रिटायर व्हायच्या आधी स्वतःच्या हाताने टाकीत सोडून काढलेली चाकं. "हा वरून लावलेला रंग नाही. ही अ‍ॅल्युमिनियमची स्वतःची साय. रंग तिने पोटात घेतलाय. वरून थापलेलं काही टिकत नसतं, वैशाली." दर वर्षी सांगतात. दर वर्षी मी नव्याने ऐकल्यासारखं करते. आवडतं मला, ते सांगताना त्यांचा चेहरा.

डावीकडची घ्यायला गेले तर, "ती मी केलीत."
कधी?
"केलीत म्हटलं ना."

२८ सप्टेंबर, रविवार
अण्णा कटिंगला गेले. तेवढ्यात डावीकडची बघितली. कसली केलीत? काळीकुट्ट. बसले धुवायला.

पुढच्या चाकाच्या कडेला रंग जरा जास्तच चमकत होता. नखाने खरवडला तर टिकली निघावी तसा पापुद्रा हातात. त्यात चमचम. ओळखीची चमचम. माझी सोनेरी नेलपेंट, पुतणीच्या लग्नात एकदाच लावली आणि गायब झाली ती. मागच्या चाकालाही तीच, पण अर्ध्यावर संपलेली. खाली पांढरे ओरखडे, फुटपाथला घासल्याचे. काही जुने, काही अगदी ताजे.

आधी खूप हसले. एकटीच, पार्किंगमध्ये, हातात ब्रश. वरून थापलेलं टिकत नसतं म्हणे.

मग हसू गेलं. उजवीकडे एकही ओरखडा नव्हता. बुधवारी मीच इंच न् इंच पुसलंय. सगळे डावीकडे.

महेशला सांगितलं नाही. सांगितलं की गाडी दुसऱ्या दिवशी विकणार तो.

२९ सप्टेंबर, सोमवार
दिवसभर डोक्यात तेच. रात्री अण्णांच्या ताटाकडे नीट बघितलं. पोळी, भाजी, वरणभात फस्त. डावीकडची चटणी, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर तशीच. हल्ली रोजच तशी असते. मला वाटायचं, दात.

ताक वाढायच्या निमित्ताने ताट अर्धं फिरवलं.
"अरे वा, आज कोशिंबीर केलीस?" आणि सगळी खाल्ली.

मला पुढे जेवण गेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
गाडीची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू. चाकाखाली लिंबू ठेवायला अण्णांचा विरोध, आंबट असतं म्हणून. दसरा असो की आणखी काही, गुरुवार तो गुरुवार. म्हटलं, गोपाळदासना सोनं द्यायला मीही येते. खूश झाले. मी मुद्दाम आले होते ते त्यांना कळलं नाही, की कळलं, देव जाणे.

डावीकडच्या सीटवर बसून सगळा वेळ रस्त्याकडे बघत होते. अंबरनाथच्या पुढे रस्त्याकडेला एक बाई झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन बसलेली. लांबून दिसत होती. गाडी तिच्याकडेच चाललेली. मी ओरडले, "अण्णा, डावीकडे!" करकचून ब्रेक. चाक तिच्या पाटीवर. बाई मागे सरकली म्हणून वाचली. आणि अण्णा मान वळवून वळवून विचारतात, "कुठे? कोण?"

बाईने तोंडाचा पट्टा सोडला. "दिसत नाय का रं तुला, इतकी मोठी मी हितं बसलीय!" अण्णा उतरले आणि तिच्यासोबत फुलं वेचत बसले. नव्या धोतराला चिखल. मी गाडीतच. फार घाबरले. तिच्यासाठी, त्यांच्यासाठीही.

कॅम्प पाचला गोपाळदासना बाजूला घेऊन सांगितलं. मग ते अण्णांना ऐकू जाईल असं मोठ्याने, "साईं, आज गाडी इधर रख, नया कव्हर डालता हूँ, दसऱ्याचं गिफ्ट!" संध्याकाळी त्यांच्या कारागिराने आम्हाला गाडीतून घरी सोडलं. खरंच नवं कव्हर घालून. मरून. भयंकर दिसतंय.

कारागीर गेल्यावर पार्किंगमध्येच बसून राहिलो. मी म्हटलं, "अण्णा, ती नेलपेंट माझी होती."
अण्णा: "पुरली नाही. मागच्या चाकाला पुरली नाही."

६ ऑक्टोबर, सोमवार
बदलापुरातच डॉक्टरांकडे नेलं. आधी डोळ्यांचे, मग त्यांनी सांगितले ते दुसरे. कधीतरी बारीकसा झटका येऊन गेलाय मेंदूत, कुणाला पत्ताही लागला नाही. दोन्ही डोळ्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही.
अण्णा: "म्हणजे डोळे चांगले आहेत?"
"डोळे उत्तम आहेत, काका."
"मग झालं तर."
डॉक्टर हसले नाहीत. गाडी बंद. गोळ्या चालू. तीन महिन्यांनी परत तपासणी, थोडं सुधारेल, नाहीही सुधारणार.

रिक्षात अण्णा माझ्या उजवीकडे बसले होते. घर येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. मग लक्षात आलं, मी त्यांच्या डावीकडे होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार
महेशला सगळं सांगितलं. नेलपेंटपाशी हसायला लागला, हसता हसता चष्मा काढून पुसायला लागला. शांत झाल्यावर, "आता तरी विकू या ना."
मी म्हटलं, मी चालवेन.
"तू?"
लायसन आहे माझ्याकडे. लग्नानंतर हौसेने काढलं होतं. त्यातल्या फोटोत मी बारीक आहे, म्हणजे किती जुनं ते बघा. तेव्हापासून स्टेअरिंगला हात नाही. पण गाडी गेली की गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला की अण्णा खिडकीत बसायला लागतील. मला ते बघायचं नाही. असं म्हटलं नाही, नुसतं "हो, मी" म्हटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
अण्णा खिडकीत बसले. सकाळपासून. शर्ट मात्र बाहेर जायचा घातलेला. गोपाळदासचा फोन आला तर "आज जरा काम आहे" म्हणाले. माझ्याशी बोलत नाहीत. चहाला "ठेव" एवढंच. राग येतो मला, म्हणजे मी काय शत्रू आहे? आणि लगेच वाईटही वाटतं.

किल्ली दाराजवळच्या खुंटीवर आहे. त्यांनी आपणहून टांगली.

१९ ऑक्टोबर, रविवार
शाळेला दिवाळीची सुट्टी, म्हणून रोज सकाळी कात्रपच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीचा सराव. अण्णा डावीकडच्या सीटवर. पहिल्या दिवशी येणारच नव्हते. मी चार वेळा गाडी बंद पाडली, बिल्डिंगच्या दारातच, आणि ते वरून ऐकून खाली आले. "इंजिनला मारशील तू." बसले ते बसलेच.

"क्लच हळू. चाक पुसतेस तसा." हे मला समजलं. हे एकदम समजलं.

मला मात्र डावीकडचा अंदाज येत नाही. त्यांना डावीकडचं दिसत नाही. छान जोडी आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार
गेलो! अंबरनाथवरून कॅम्प पाच. घाम, तोंडात देवाचं नाव, मागून हॉर्न. त्या फुलवाल्या बाईच्या जागेपाशी अण्णा म्हणाले, "इथे हळू." आज तिथे कुणी नव्हतं.

दुकानासमोर लावताना खर्रर्र. पुढचं डावं चाक, पायरीला. माझा जीव गेला. अण्णा उतरले, वाकले, बोटाने कड चाचपली. गोपाळदास बाहेर येऊन, "मुबारक हो बेटी, अब तू भी घर की हो गई!" अण्णा हसायला लागले. किती दिवसांनी.

घरी आल्यावर म्हटलं, नवी नेलपेंट आणू का? "नको. आता झाकायचं नाही. दिसू दे." डॉक्टरांकडून आल्यापासून पहिलं सरळ वाक्य.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शाळा सुरू. त्यात पालकसभा, सुटायला सात वाजले. गुरुवार हुकला. "असू दे," म्हणाले. फारच सहज म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार
चाकं धुवायला घेतली. पुढच्या डाव्यावर माझा ओरखडा, तो मी ओळखते. मागच्या डाव्यावर एक नवीन. पांढरा, स्वच्छ, धूळही बसलेली नाही.

रविवारी भाजीला गाडी नेली होती, गेटमधून वळताना खालून काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं. वाटलं होतं का? की आता वाटतंय?

अण्णांना दाखवला. न वाकताच म्हणाले, "तुझाच. वळताना मागचं चाक विसरतेस तू."
विसरते, खरं आहे.

महेशला सांगायला हवं. काय सांगू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी निघताना अण्णा दारात. खुंटीवरची किल्ली माझ्या हातात दिली. "शाळेत घेऊन जा. समोर दिसली की हात जातो."

त्या ओरखड्याचं मी विचारलं नाही. म्हटलं, साडेपाचला येते, मग जाऊ, गोपाळदासना दुकान उघडं ठेवायला सांगा. मान हलवली. मी डावीकडे उभी होते, म्हणून उजवीकडे जाऊन परत एकदा सांगितलं. "ऐकू येतं मला," म्हणाले.

इतकं बरं वाटलं की रस्ताभर किल्ली मुठीतच धरली होती. हा माणूस कुणाला काही देत नाही, चाकाला जोर लावू देत नाही, आणि स्वतःहून किल्ली देतो.

मधल्या सुट्टीत वह्या तपासताना आठवलं, गाडीला किल्ल्या दोन असतात. दुसरी कुठे आहे, मला माहीत नाही.

फोन केला. लगेच उचलला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घरीच आहे." मागे नळाचं पाणी बादलीत पडत होतं, चाकं धुताना पडतं तसं.