आमच्या अंगातलं बीटी

१८ ऑगस्ट २०१७, दारव्हा
जूनमध्ये पायाच्या जखमेतून सेप्सिस झालं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी सोडली नव्हती. बेशुद्ध होतो, तरी. आज तपासणीला गेलो तर तो कोवळा डॉक्टर म्हणे, प्रतिकारशक्ती खचली आहे, वर्षभर गर्दी टाळा, लसी घ्या. एवढे जंतू रक्तात पचवून आलो, आता सर्दी-पडशाची माझ्याकडे बघायची हिंमत आहे? मी बियाण्यांचा व्यापारी. अळीशी लढायची ताकद बीटी कपाशीच्या अंगातच असते. माझंही आता तसंच.
लस घेतली नाही.

२ सप्टेंबर
ताप. बायकोच्या, रशीदाच्या मते बाजारात हिंडल्यामुळे. माझ्या मते दुकानातला पंखा.
लेक कहकशां बाळंतपणाला आली. बाळाच्या कानात अजान नानाच, म्हणजे मीच देणार, हे तारिकला बजावलं. जावई चांगला आहे, पण आवाज चिरका.

२४ सप्टेंबर
न्यूमोनिया होता म्हणे. आज दवाखान्यातून सुटलो. रशीदा रडली. नातवंडाला मांडीवर घ्यायचं असेल तर घरात बसा म्हणाली. बसलो. दुपारी दुकान उघडलं.

१५ ऑक्टोबर
तांड्यावरचा शेतकरी पूनमसिंग दुकानात आला, खोकत. लोक दूर सरकले. मी मुद्दाम शेजारी बसवलं. त्याने कपाशीचं बोंड फोडून आत गुलाबी अळी दाखवली. म्हणे, शेठ, अळी लागत नाही म्हणून तुमीनंच बियाणं देलं होतं ना? मी म्हटलं, बाहेरून बघ, किती हिरवंगार आहे. फोडायचं कशाला? अडाण्यांशी डोकं लावू नये.

२९ ऑक्टोबर
कमरेपासून पोटापर्यंत आग. बारीक फोड. घामोळं.

३० ऑक्टोबर
घामोळं नाही. नागीण. डॉक्टर म्हणे, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू अंगातच दबून होता, ताकद गेली तसा वर आला. फोड सुकेपर्यंत बाळ-बाळंतिणीच्या जवळ फिरकायचं नाही. रशीदाने माझी खाट बियाण्यांच्या गोदामात टाकली. तात्पुरती व्यवस्था.

१ नोव्हेंबर
नात झाली. रशीदाने दवाखान्यातून फोन चालू ठेवला. अजान तारिकने दिली. आवाज चिरका नव्हता. फार वाईट वाटलं. पोत्यावर बसून रडलो.

४ नोव्हेंबर
पूनमसिंग चौकशीला आला. दारातच थांबला. मी दाढी करून, इस्त्रीचा कुर्ता घालून बसलो होतो. काही नाही, मामुली आहे, म्हटलं. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणे, बाहेरून तं हिरवेगार दिसून राह्यले, शेठ.
कुर्ता वर करून दाखवा म्हणाला नाही. मीही केला नाही.