नव्वद टक्के तयार बास

३ फेब्रुवारी
माळ्यावर सूटकेस शोधताना मेहुण्याचा बास गिटार सापडला. जुन्या चादरीत गुंडाळलेला. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. कामाला हात घालायचा आणि अर्ध्यावर सोडून परदेशी निघून जायचं, हा त्याचा खाक्या. धड कापलेलं, मान जोडलेली, तिच्यावर सुरांचे पडदे बसवलेले. बाकी सामान बिस्किटांच्या डब्यात. म्हणजे नव्वद टक्के तयार. उरलेल्या दहा टक्क्यांत कसली आलीय कर्तबगारी?

लेकीच्या बँडचा कार्यक्रम २६ तारखेला. बिचारी मैत्रिणीचा बास उसना आणून वाजवते. जेवताना जाहीर केलं की यंदा बापाने बनवलेला बास वाजणार. लेक ताट उचलून उठली. आनंदानेच पोट भरलं असावं. हिने बाथरूममधल्या शेल्फचा विषय काढला. ते शेल्फ तिरकं आहे ते मुद्दाम, पाणी निथळावं म्हणून. किती वेळा सांगायचं?

५ फेब्रुवारी
पॉलिश पेपर मारला. मेहुण्याने धडावर पेन्सिलीने रेघा, फुल्या असली गिचमिड करून ठेवली होती. घासून लख्ख केली. स्वच्छता हा कारागिरीचा पाया आहे. भुसा घरभर झाला. ही म्हणाली की चहात लाकूड लागतंय. म्हटलं, भारीतलं आहे.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
मेहुण्याचा फोन. हिनेच चुगली केली असणार. दोन गोष्टी बजावून सांगितल्या त्याने. एक, तारांची खालची टोकं ज्यात अडकतात तो धातूचा ब्रिज पेन्सिलीच्या रेघेवरच बसवायचा. बोटभर जरी सरकला तरी सगळे सूर बोंबलतील. दोन, डब्यातल्या काडेपेटीत स्पीकरची केबल खुपसायचं सॉकेट आहे. ते हरवलं तर बास म्हणजे नुसती फळी. मी म्हटलं, हो हो, रेघ समोरच आहे.

फोन ठेवून रेघ शोधली. मग पॉलिश पेपर उलटा करून झटकून पाहिला.

सॉकेट जपून कामाच्या पँटच्या खिशात ठेवलंय. माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत.

८ फेब्रुवारी
रंग. गडद निळा, स्प्रेचा. सगळी भोकं आधी चिकटपट्टीने बंद केली, आत रंग जायला नको. असा विचार मेहुण्याला सात जन्मांत सुचला नसता. बास कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलाय. शेजारी हिची पांढरी चादर होती. आता तीही निळी आहे.

९ फेब्रुवारी
कावळा. ओल्या रंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून गेला, मेला. मध्येच थबकून चोचही मारलीय. आधी डोकं फिरलं. मग लांबून पाहिलं तर झकास दिसतं. असं डिझाइन बाजारात शोधून मिळायचं नाही. चिकटपट्ट्या रंगाखाली कुठे गेल्या ते दिसत नाही, म्हणजे रंग किती एकसारखा बसलाय बघा.

१२ फेब्रुवारी
ब्रिजसाठी ड्रिल मारलं. पहिलं भोक जरा खोल गेलं. बासच्या पलीकडे, टेबलाच्याही पलीकडे. ही म्हणाली की डोकं ठिकाणावर आहे का, हे टेबल माझ्या आईने दिलंय. टेबलावर फुलदाणी ठेवली. बासवर त्याच भोकावर ब्रिज ठेवला. भोक झाकलं गेलं आणि कावळ्याची चोचही. एका दगडात दोन पक्षी! रेघ असती तर इतकी चांगली जागा सापडलीच नसती.

१५ फेब्रुवारी
तारा चढवल्या. सूर निघाला! अजून वायरिंग नाही, तरी घर हादरलं. ही म्हणाली की दात आंबले. लेकीने हातात घेऊन एकेक पडदा दाबत वाजवून बघितलं, सावकाश, शेवटपर्यंत. वर जाताना प्रत्येक सूर जरा जास्तच वर जातो, असं काहीतरी म्हणाली. उत्साही वाद्य आहे, दुसरं काय. मग ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. हळवी आहे पोर. माझ्यावर गेलीय.

१८ फेब्रुवारी
उपकाराचं ओझं उतरवलं. लेक बाहेर गेल्यावर तिचा उसना बास त्या मैत्रिणीच्या घरी पोचवून आलो. मैत्रीण उद्याच महिनाभरासाठी गावाला चाललीय, अगदी वेळेवर गाठली.

लेक घरी आली, रिकामा कोपरा पाहिला आणि मटकन खाली बसली. म्हणाली की आम्ही सगळे वर्षभर या एका कार्यक्रमासाठी घासतोय, बाबा, मला एका शब्दाने विचारायचं तरी होतं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. जेवलीही नाही. मलाही घास उतरेना, पण ते पित्तामुळे.

२० फेब्रुवारी
वायरिंग. डाग देताना बोट आणि गालिचा थोडा भाजला. दोन वायरी उरल्या होत्या, त्या एकमेकींना जोडून टाकल्या. झाकणाचे स्क्रू आवळले. आत काय आहे ते आता मी आणि देवच जाणे. देव जरा जास्त.

लेक बास खोलीत घेऊन गेली. बँडमधली कीबोर्डवाली चष्मिष मैत्रीणही आली होती. दोघी दार लावून बसल्या. आधी चिडीचूप, मग एकदम खो खो हसणं, मग तासन्‌तास कीबोर्ड. ही म्हणाली की त्यांना त्रास देऊ नका. मी कशाला देतोय? नवं वाद्य हातात बसायला वेळ लागतोच.

२६ फेब्रुवारी, कार्यक्रमाहून आल्यावर
वाजला! माझा बास वाजला!

सुरू व्हायच्या आधी तीनदा पाणी पिऊन आलो, खोटं कशाला बोलू. पण काय तो घुमारा! एक सूर इकडचा तिकडे नाही. ब्रिजवरून बोलणाऱ्यांची तोंडं बंद. लेक डोळे मिटून काय रंगली होती! केबलचं टोक तिने मागच्या खिशात खोचलं होतं. आजकालच्या पोरांच्या एकेक फॅशन. कीबोर्डवाली मात्र आगाऊ. डावा हात खर्जाच्या पट्ट्यांवर असा काही आपटत होती, जणू सगळा भार तिच्यावरच.

शेवटी लेकीने माईकवरून सांगितलं की हा बास माझ्या बाबांनी बनवलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो. हिने रुमाल दिला, तोही निळा. मेहुण्याला मेसेज टाकला: झाला पूर्ण.

२७ फेब्रुवारी
सुट्टी. कामाची पँट धुवायला टाकली होती. हिने खिसे तपासले आणि एक पितळी सॉकेट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली की हे काय आहे?

सॉकेटकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या बासकडे. कडेला, जिथे केबल जायला हवी तिथे, निळ्या रंगाखाली चिकटपट्टी फुगलेली होती. मग खिशात खोचलेली केबल आठवली. मग तो डावा हात.

लेक समोरच चहा पीत होती. मान वर केली नाही तिने. मी सॉकेट मुठीत झाकलं. कसाबसा म्हणालो की एक्स्ट्रा आहे, चांगल्या कामात एखादा पार्ट उरतोच.

ही लेकीकडे बघायला लागली. लेक म्हणाली की हो आई, एक्स्ट्राच आहे तो.