न दुखणारी गाठ

बाबा, माझ्या घरी आता एक कुत्री आहे. तू गेल्यावर खूप वर्षांनी आली, म्हणून तुमची दोघांची गाठ पडली नाही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरखाली कुडकुडत बसलेलं पिल्लू होतं, लेकीने उचलून वर आणलं आणि पुढे लेक नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, कुत्री आमच्याकडे राहिली. भाजक्या विटेच्या रंगाची आहे, तू मिठागरावर कामाला होतास तेव्हा तुझ्यामागे एक कुत्री फिरायची ना, अगदी तशी. दहा-अकरा वर्षांची झाली असेल. जेसल पार्कच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो: मी, माझा नवरा, आई आणि ती. आईला सुरुवातीला तिचा राग यायचा, केस पडतात म्हणून. आता ती आईच्या पलंगाखालीच झोपते आणि आई पाय खाली सोडून तिच्या पाठीवर ठेवते.

एका रविवारी मी तिला बाथरूममध्ये आंघोळ घालत होते. साबण लावताना डाव्या बाजूला, शेवटच्या फासळीच्या जरा खाली, बोटांना काहीतरी लागलं. वाटलं गोचीड असेल. केस बाजूला करून बघते तर कातडीखाली गाठ. सुपारीएवढी, गुळगुळीत, हलणारी. मी दाबून बघितलं तरी ती नळाकडे बघत शेपटी हलवतेय. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने बाथरूमच्या दारात उभं राहून हात पुढे केला, चाचपलं आणि म्हणाला, "चरबीची असेल गं. वय झालंय तिचं. दुखत नाही ना? मग राहू दे."

दुखत नाही ना, मग राहू दे. बाबा, मी नळ बंद केला आणि नुसती उभी राहिले. तिच्या अंगावरचा फेस खाली गळत होता.

तुझी गाठ कानाच्या खाली होती, मानेवर. आधी चिंचोक्याएवढी, मग लिंबाएवढी. तू गळ्यात पंचा गुंडाळून ठेवायचास, उन्हाळ्यातसुद्धा. आपण सगळे स्वयंपाकघरात जेवायला बसायचो, आई चुलीसमोरून भाकरी टाकायची, आणि घास घेताना तुझा पंचा सरकायचा, तेव्हा आम्ही सगळे आपापल्या ताटात बघायचो. घरात ती गाठ सगळ्यांना माहीत होती आणि कुणाच्या तोंडात तिचं नाव नव्हतं. मला नुकतीच नोकरी लागली होती. ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं, ते घेऊन मी एकदा जेवताना धीर करून म्हटलं, "बाबा, मानेवरचं दाखवून येऊ या का?" तू हातातला घास ताटात ठेवलास. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, तर तुजा कं जातंय त्यान?" असं म्हणून उठलास, हात धुतलेस, आणि सरळ मिठागराकडे निघून गेलास. भाकरी अर्धी राहिली होती. आईने ती झाकून ठेवली. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही, आणि दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुझ्या ह्या वागण्याचा मला इतकी वर्षं राग आहे, कारण तू असा नव्हतास. मिठागरावरच्या त्या कुत्रीचा पाय सुजला होता, आठवतं? मी शाळेत होते, सुट्टी म्हणून तुझ्याबरोबर आले होते. तिच्या पंजात काहीतरी शिरलं होतं, ती लंगडत होती पण रडत नव्हती. बाकीचे गडी म्हणाले, जाईल आपोआप. तू फावडं बांधावर टाकलंस, तिला मेंढरासारखी खांद्यावर घेतलीस आणि त्या भर उन्हात निघालास. मी मागून धावतेय, पायाखाली मीठ करकरतंय, तुझ्या बनियनवर तिची लाळ गळतेय. मीठ नेणारा ट्रक थांबवून तू तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलीस. तिथे बाकावर बसल्यावर मी विचारलं, "एवढी घाई कशाला? ती तर रडत पण नाही." तू म्हणालास, "ती बोलनार हाय का? तिचा आपूनच बोलायला पायजे." तू हे सहज म्हणालास. मला मात्र ते पाठ झालं.

तर मी बोलायचं ठरवलं. सोमवारी अर्धी सुट्टी टाकली आणि जवळच्या दवाखान्यात तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हणजे लेकीच्या वयाची मुलगी. तिने नीट तपासलं, गाठीच्या बाजूचे केस कापले, मोजपट्टी लावून फोटो काढला. म्हणाली, "हाताला तरी चरबीची लागतेय. ह्या वयात होतात अशा. महिनाभर लक्ष ठेवू या." आधीची मी असते तर थँक्यू म्हणून निघाले असते, मनात तेच ऐकायचं होतं. पण मी विचारलं, "डॉक्टर, नुसता हात लावून नक्की सांगता येतं का?" खरं बोलणारी मुलगी. म्हणाली, "नाही. नक्की सांगायचं तर सुई घालून आतल्या पेशी काढून बघाव्या लागतात." मी म्हटलं, "मग घाला सुई." एवढंच करायचं असतं, बाबा. बारीक सुई, इंजेक्शनची असते तशी. बेशुद्धही करावं लागलं नाही. मी तिचं डोकं छातीशी धरून बसले होते, तिने एकदा कान हलवला, झालं.

मधल्या दिवसांत सगळ्यांनी उपाय सांगितले. समोरच्या गुजराती काकी हळद आणि तूप घेऊन आल्या, "लगा दो, बैठ जाएगी." भावाने गावातून फोन केला, "कुत्रीसाठी कं येवढा?" गाठ एक दिवस मोठी वाटायची, दुसऱ्या दिवशी बसल्यासारखी. नवरा म्हणाला, "बघ, कमी होतेय." मलाही तसं वाटलं, आणि हळदही लावून बघावीशी वाटली. नाही लावली. सारखं चाचपणंही सोडलं, डॉक्टरने दाबू नका म्हणून सांगितलं होतं.

मग रिपोर्ट आला. चरबी नव्हती. डॉक्टरने मला समोर बसवून साध्या भाषेत सांगितलं, की ह्या जातीची गाठ हाताला साधी लागते, कधी फुगते, कधी बसते, म्हणून माणूस फसतो. आता लहान आहे, एका जागी आहे. आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट काढली तर बरी होण्याची शक्यता चांगली. थांबलो तर ती पसरू शकते. ऑपरेशन घोडबंदर रोडवरच्या मोठ्या दवाखान्यात. त्याआधी रक्त, सोनोग्राफी, हृदय, सगळं तपासायचं.

संध्याकाळी घरी आम्ही दोघं भांडलो. आवाज चढवून नाही, पण भांडलो. नवरा म्हणत होता, "म्हातारी झालीय ती. कशाला कापाकापी? आहे तेवढे दिवस सुखात राहू दे." मी म्हणत होते, "सुखात म्हणजे काय? गाठ फुटल्यावर सुखात?" तो म्हणाला, "आणि टेबलावरच गेली तर?" सकाळी तिला खाली फिरवायला तोच नेतो, बिस्किटातलं अर्धं तिला तोच देतो. मी काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाली, "न्या तिला."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. आई घरातल्या निर्णयात कधी पडत नाही, तुला माहीत आहे. तुझ्यासमोर तर कधीच नाही. ती कुत्रीच्या पाठीवर पाय ठेवून बसली होती. "दुखत न्हाय म्हनून थांबू नका. यक डाव थांबलो आपून."

नवरा उठून गॅलरीत गेला. मी आईजवळ बसले आणि जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाबा एवढे हट्टी का झाले होते गं?" आई म्हणाली, "हट्टी? तो घाबरायचा गो बाय. रोज सकाली तोंड धुवून आला का पंचा काढायचा, मना हात लावायला सांगायचा. वाढली का गो, इचारायचा. मी सांगायची, न्हाय वाढली."

"आणि वाढत होती?"

"वाढत व्हती," आई म्हणाली. "पन त्याचा त्वांड बघून कशी सांगनार?"

बाबा, इतकी वर्षं मी ज्या माणसावर चिडून होते तो माणूस तू नव्हतासच. मला वाटायचं तुला पर्वा नाही, स्वतःची नाही आणि आमचीही नाही. तू ताटावरून उठून गेलास ते रागाने नव्हे, पळून गेलास. हे कळल्यावर राग एकदम जात नाही. मला उलट वाटलं, सांगायचं होतंस ना. भीती वाटते म्हणाला असतास तर मी तुझा हात धरून नेलं असतं, डॉक्टरांनी आत बोलावेपर्यंत सोडला नसता. पण त्या संध्याकाळी तो विचार करत बसायला वेळ नव्हता. मी गॅलरीत गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "तुला भीती वाटतेय. मलाही वाटतेय. घाबरतच नेऊ या." तो म्हणाला, "रजा टाकतो."

ऑपरेशनच्या दिवशी तिला उपाशी ठेवली होती, ती सारखी भांड्याकडे जाऊन आमच्याकडे बघायची. दोन रिक्षावाल्यांनी "कुत्ता नहीं बैठेगा" म्हणून रिक्षा पुढे काढल्या. तिसऱ्याला नवऱ्याने सांगितलं, "ऑपरेशन है भाई, ये पेशंट है," तेव्हा त्याने स्वतःच्या सीटवरचा टॉवेल काढून मागे अंथरला. दवाखान्यात तिला आत नेताना तिने मागे वळून बघितलं आणि नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. मी बाकावर बसले. तुझ्या वेळी असं बसायला मिळालं नव्हतं मला.

ती परत आली, बाबा. डाव्या कुशीवर लांब टाक्यांची रेघ, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, भिंतींना आपटत घरभर फिरायची. आई तिला हाताने दहीभात भरवायची. पुढे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा निकाल आला, कापलेल्या कडेला काही सापडलं नाही, सगळी निघाली. तरी डॉक्टरने सांगितलंय की दुसरीकडे होऊ शकते, महिन्यातून एकदा सगळ्या अंगावरून हात फिरवायचा. ते काम नवऱ्याने घेतलंय. मान, काखा, पोट, शेपटीखाली, काही सोडत नाही. काही लागलं तर आम्ही पुन्हा जाऊ. ठरलंय ते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट सांगते, नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ऑपरेशन चालू असताना माझ्या शेजारी एक बाई मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आपका कौन है अंदर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा." त्यांना वाटलं कुत्र्याचंच नाव. मायेने म्हणाल्या, "चिंता मत करो, ठीक हो जाएगा आपका बाबा." मी त्यांची चूक सुधारली नाही. म्हटलं, "हां. टाइम पे लेके आए हैं."