रामलिंगच्या ओढ्यावरची वाट

येडशी, १२ जानेवारी १९६१

तीर्थरूप अण्णांना,
शिबिरातून तुमच्या इंदूचा नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण पोटभर मिळतं.

तंबूंपासून ओढ्याला वळसा घालून परत येणारी अर्ध्या तासाची सोपी वाट आहे. काल मी शाळेच्या मुलींना तिथं फिरायला नेलं. वळणावर झुडपाआड बिबट्या बसला होता!

विमल कुजबुजली, “बाई, पळायचं का वो?”

“पळू नका. माझ्याकडं या, हळूहळू मागं सरा.”

तो नुसता बघत राहिला. सगळ्या सुखरूप परतलो.

मुली मला धीट म्हणतात. अण्णा, माझे हात अजून कापतात, अक्षरावरून कळलंच असेल. आईला सांगू नका. तिचा खोकला कसा आहे?

ती वाट आता बंद केलीय. पाणी मात्र त्याच ओढ्याचं आणावं लागतं, आणि उद्या सकाळची पाळी आमच्या तंबूची आहे.

तुमची लेक,
इंदू