मीठ म्हणजे समुद्र

२२ सप्टेंबर

एर्सिलियाला हॉस्पिटलातून घरी आणलं. लिफ्ट बंद. दोन पोरांनी खुर्चीत बसवून वर चढवली. एकजण धापा टाकत म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी तळमजल्यावर राहा." पुढची वेळ नको रे बाबा!

मेंदूच्या झटक्यात उजवा हात गेला आहे. उजवा पाय ओढत चालतो. बोलणं — हॉस्पिटलवाले म्हणतात शब्दांची सरमिसळ झाली. ऐकलेलं कळतं, पण हो म्हणायचं तर मान नाही अशी हलते, आणि उलट. "मानेवर विश्वास ठेवू नका," म्हणाले.

लोरेदानाचा तुरीनहून फोन. "बाबा, रोज काहीतरी लिहीत जा. नाहीतर भिंतीशी बोलायला लागशील." पोरीचं ऐकतो आहे. आयुष्यभर या घरात एर्सिलिया बोलली आणि मी ऐकलं. आता दोघंही गप्प.

२४ सप्टेंबर

जेवताना म्हणाली — साल. मिठाला आम्ही साले म्हणतो, म्हणून मीठ मागते असं वाटून मीठदाणी पुढे केली. ढकलली. पुन्हा — साल! मी पास्ता चाखून पाहिला, मीठ बरोबर होतं. म्हटलं, "डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, मिळणार नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत शिकवताना शेवटच्या बाकावरच्या ढ पोराकडे पाहत असेल. मग तोंड खिडकीकडे.

२५ सप्टेंबर

पहाटे जमीन हलली, इथं नेहमीचंच. एक बशी गेली. शेजारची असुंता गाऊनवर जिन्यात जाऊन बसली. आम्ही पडून राहिलो.

२७ सप्टेंबर

कालपासून एकच — मोरा, मोरा. ब्लॅकबेरी! लग्नाआधी आम्ही आव्हेर्नो तळ्याच्या वाटेवर तोडायला जायचो. तिला ते आठवलं, या आनंदात मी बसनं गेलो. हंगाम सरत आला आहे, खालची सगळी पोरांनी नेलेली. हात ओरबाडून घेतले, वाडगाभर आणली.

वाडगा पाहून ती हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग रडायला लागली. एक फळ तोंडात घातलं नाही. संध्याकाळी मीच खाल्ली सगळी.

३० सप्टेंबर

मोठी गोष्ट झाली. नीट लिहितो.

औषधं आणायला फ्लावियाच्या दुकानात गेलो. फ्लाविया एर्सिलियाची जुनी विद्यार्थिनी. आता तिचे स्वतःचे केस पांढरे झालेत, तरी एर्सिलियाला अजून 'बाई'च म्हणते, आणि कुणी भेटलं की सांगते, बाईंनी मला लॅटिनमध्ये तीनदा नापास केलं. अभिमानानं सांगते!

"बाई कशा आहेत, काका?"

म्हटलं, "कशा असणार? मीठ मागते, दिलं की ढकलते. ब्लॅकबेरी मागते, खात नाही. आणि प्रोचिदा बेटाची बोट आली की तिच्याकडे बघून म्हणते — कारीना, कारीना. आता त्या गंजक्या बोटीत काय सुंदर आहे? मी तिच्या इंजिनात तीस वर्षं काढली, मला विचार."

फ्लावियाच्या हातातली गोळ्यांची पेटी तशीच राहिली.

"काका, बोटीकडे बघून? नक्की?"

"नक्की."

"ते 'सुंदर' नाही हो! आपल्या भाषेत सुंदर. लॅटिनमध्ये कारीना म्हणजे बोटीच्या बुडाचा कणा. महाकाव्यात बोटीला बोट म्हणतच नाहीत. कणा म्हणतात. नाहीतर पाइनचं झाड."

"आणि साल?"

"मीठ. म्हणजे समुद्र."

"समुद्राला मीठ का म्हणायचं?"

"हेच मी बाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, आधी पाठ कर, मग विचार."

मागे रांग लागली होती. एक म्हातारा ओरडला, "इथं माणसं खोकून मरतायत आणि तुम्ही बोटी कसल्या मोजताय!"

पैसे द्यायचेसुद्धा विसरलो. घरी येऊन बाल्कनीचं दार सताड उघडलं, तिची खुर्ची कठड्यापर्यंत नेली. म्हटलं — साल. तिनं डोळे मिटले. डाव्या हातानं माझी बाही धरली, सोडेचना.

१ ऑक्टोबर

मोरा म्हणजे ब्लॅकबेरी नाही. खोळंबा. उशीर.

कसला उशीर, ते फ्लावियालाही सांगता येईना.

५ ऑक्टोबर

डॉक्टर व्होल्पेंना सांगितलं. मान डोलावली. "असं होतं कधीकधी. लहानपणची भाषा जाते, शिकलेली राहते. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही." मग म्हणाले, "तुम्हाला येतं का लॅटिन?"

मी! आठवीत शाळा सोडली. एर्सिलिया घरी वह्या तपासायची तेव्हा मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो, एवढाच माझा लॅटिनशी संबंध.

८ ऑक्टोबर

तिच्या कपाटातून शब्दकोश काढला. आमच्या बोटीच्या नांगराएवढा जड. फ्लाविया आज येऊन गेली, यापुढे दर गुरुवारी दुकान बंद करून शिकवायला येणार. म्हणाली, "काका, व्याकरण सोडा. बाईंनी आयुष्यभर महाकाव्य शिकवलं, त्यांच्या डोक्यात तेच शब्द घर करून आहेत. तेवढेच आधी घ्या. तेच तेच परत येतात — लाटा, वल्हं, ढाल, राग, अश्रू."

म्हटलं, "आणि संडास?"

"तो नाही, काका. वीरांना लागत नसावा."

एर्सिलिया पलीकडच्या खुर्चीत. फ्लावियानं एका शब्दाचा उच्चार चुकवला, तर ही डाव्या हातानं टेबलावर थाप मारते! फ्लाविया चटकन ताठ बसली. पन्नाशीची बाई!

१३ ऑक्टोबर

समुद्राला किती शब्द! एक सपाट समुद्राचा, एक खोल समुद्राचा, एक नुसत्या निळाईचा. ते पटकन डोक्यात बसतात. रथांचे आणि चिलखतांचे बसत नाहीत. वादळाचं वर्णन फ्लावियानं वाचून दाखवलं. लिहिणारा बोटीवर चढला असेल, पण इंजिनाकडे नाही. नायक सारखा रडतो. विचारलं, हा कसला वीर? फ्लाविया म्हणाली, तेव्हा रडायला कुणी लाजत नसे.

१७ ऑक्टोबर

गेले काही दिवस संध्याकाळी म्हणते — लेतुम. पलंग, आपला लेत्तो, म्हणत असेल, दमली असेल, म्हणून मी लवकर नेऊन निजवायचो. उशी सारखी करायचो.

आज शब्दकोश उघडला. पलंग नाही. मरण. कवितेतलं मरण — रोजच्या मरणाला वेगळा शब्द आहे.

ती मरणाचं बोलत होती आणि मी उशी सारखी करत होतो.

२१ ऑक्टोबर

नापोलीला तपासणी. डॉ. व्होल्पे सरळ बोलले. गळ्यातली डावी शीर आतून भरत आली आहे. उघडून साफ केली नाही तर दुसरा झटका येणार — आज की वर्षानं, सांगता येत नाही. उघडली तर टेबलावरच येऊ शकतो. "ठरवा. फार दिवस घेऊ नका."

"तिला विचारा की!" मी म्हणालो.

"विचारलं. मान हो म्हणाली. मग परत विचारलं, नाही म्हणाली. त्यांची मान धरता येत नाही. सही तुमची."

येताना गाडीत ती म्हणाली — मोरा. आता समजलं, ती कशाबद्दल बोलते! पण अर्थ? उशीर करा, की उशीर करताय?

२३ ऑक्टोबर

फ्लावियाला विचारलं. म्हणाली, "शब्द दोन्हीकडे चालतो, काका. मागतायत की वैतागल्यायत, ते आवाजावरून ओळखायचं. पन्नास वर्षांचा संसार तुमचा आहे, माझा नाही."

मी ठरवलं — थांबा, असंच म्हणते आहे. व्होल्पेंना फोन करून सांगितलं, सध्या नको.

२४ ऑक्टोबर

लोरेदाना फोनवर कडाडली. "थांबायचंय ते तुला, बाबा. आईच्या नावावर खपवू नकोस." फोन आपटला.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. स्मशानात फुलं ठेवून आलो — तिचे आईवडील, माझे. तिच्यासाठी या दिवसाची मिठाई, चॉकलेटची मऊ तोर्रोने आणली. खाल्ली. कागद माझ्या हातात कोंबला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

६ नोव्हेंबर

लोरेदाना आली. न कळवता. आईच्या वर्गात बसावं लागू नये म्हणून मुद्दाम तांत्रिक शाळेत गेलेली पोर — लॅटिनचं अक्षर येत नाही. आई बोलते ते रडणं आवरत ऐकत बसते.

रात्रीच्या जेवणाला पास्ता-शिंपले. मी आणि लोरेदाना भांडत होतो. हळू आवाजात, जणू तिसरी खोलीत नाहीच. ती म्हणाली, "तू घाबरटपणा करतोस." मी म्हटलं, "तुझं काय, तू परवा गाडीत बसून जाशील." तेवढ्यात टेबलावर थाप. पेला कलंडला.

एर्सिलिया म्हणाली — फेर्रुम.

लोरेदाना दचकली. "आई? इस्त्री? इस्त्री हवीय?"

एर्सिलियानं डोळे मिटले, श्वास घेतला. एकेक शब्द, वर्गात सांगतात तसा — फेर्रुम. वोलो.

"विमान? आई, विमानानं जायचं? माझ्याकडे तुरीनला?"

मला शब्दकोश लागला नाही, फ्लाविया लागली नाही. आपल्या बोलीत वोलो म्हणजे उड्डाण. लॅटिनमध्ये — मला हवं आहे. आणि फेर्रुम म्हणजे आपलं फेर्रो, लोखंड खरं, इस्त्रीलाही आपण तेच म्हणतो, पण त्या काव्यात लोखंड म्हणजे पातं. तलवार, सुरी, जे कापतं ते.

"इस्त्री नाही," मी म्हणालो. "सुरी. तिला सुरी हवी आहे. ऑपरेशन."

मग मी तिला विचारलं — लेतुम? तिनं डावा खांदा उडवला. अगदी तसा, जसा 'हे परीक्षेला येणार का' असं कुणी विचारलं की उडवायची. येईल, नाही येईल, अभ्यास कर.

आणि मग — मोरा! बोट माझ्या छातीवर रोखून. आवाज ओळखायचा काही प्रश्नच उरला नाही.

लोरेदानानं माझा हात धरला. "बाबा, तुला हे सगळं कळतं?"

"रोजच्या कामापुरतं," म्हणालो.

७ नोव्हेंबर

व्होल्पेंना सांगितलं. त्यांनी ते दोन शब्द पुन्हा म्हणायला लावले. ती वैतागून म्हणाली. "कायद्याला तुमची सही पुरते," ते म्हणाले. "पण मला हे ऐकून बरं वाटलं." सही केली.

१८ नोव्हेंबर

आत नेलं. नेताना काहीतरी बोलली, स्ट्रेचरच्या चाकांच्या खडखडाटात ऐकू आलं नाही. लोरेदाना आणि मी, मशीनची कॉफी, प्लास्टिकच्या खुर्च्या. लोरेदाना म्हणाली, "मला एक शब्द शिकव." मी लाटेचा शिकवला. ती घोकत बसली.

व्होल्पे बाहेर आले. हात पुसत. "शीर मोकळी झाली. मधे एकदा जरा गडबड झाली, बघू. जाग येऊ दे."

१९ नोव्हेंबर

जाग आली! परिचारिकेला म्हणाली, "पाणी." मग, "आणि ती खिडकी लाव की, गारठून मारशील!" आपल्या भाषेत! आपल्या गावच्या, पोत्सुओलीच्या बोलीत, तीही आईकडची, भाजीवालीशी भांडायची!

लोरेदाना जमिनीवरच बसली. मी काय केलं आठवत नाही. परिचारिका म्हणते मी तिचे हात चुंबले. परिचारिकेचे.

२३ नोव्हेंबर

घरी. लिफ्ट चालू! आल्या आल्या कॉफीवर — "ही कॉफी की भांडी विसळलेलं पाणी? मी नव्हते तर कॉफीचं भांडं तसंच ठेवलंस ना, न घासता?" ऐकत राहावंसं वाटलं.

उजवी बोटं थोडी हलतात. शब्द अडतात मधेच, पण वाक्य पुरं करते. व्होल्पे म्हणाले, घाई करू नका, दमवू नका.

२८ नोव्हेंबर

लोरेदाना परत गेली. स्टेशनवर म्हणाली, "तुला घाबरट म्हणाले होते मी." म्हटलं, "बरोबर म्हणाली होतीस." दोघंही हसलो.

गुरुवार होता. फ्लावियाला वाटलं आता गरज नाही. "कशाला काका? बाई बोलतायत की!" मी म्हटलं, तू ये. मधेच कसं सोडायचं? काव्यातली बोट खडकावर बसली आहे आणि पुढे काय होतं ते मला माहीत नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात शिकवून गेली. एर्सिलिया आत झोपली होती.

३ डिसेंबर

एर्सिलिया तिच्या पुस्तकांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी होती. धूळ पुसली. एकही काढलं नाही. दमली असेल.

मी लॅटिनमध्ये एक वाक्य जुळवतो आहे. माझं, कुठून उचललेलं नाही. फ्लावियानं दोन चुका काढल्या, तिसऱ्यांदा म्हणाली, "बाई पास करतील." मला एवढंच म्हणायचं आहे — वारा सुटला, आणि आपण दोघं किनाऱ्याला लागलो. शेवटचा शब्द कुठला ठेवायचा यावर दोन दिवस गेले. तिला दाखवायचं आहे. बायकोपुढे परीक्षा! हसू येतं.

८ डिसेंबर

सणाचा दिवस, घंटा वाजत होत्या. जेवून दोघं बाल्कनीत बसलो. बोट धक्क्याला लागत होती. मी घसा साफ केला आणि वाक्य म्हणालो. चुकलो नाही.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. हातातली संत्र्याची साल खाली ठेवली.

"छान वाटतं रे ऐकायला," म्हणाली. "कुठली भाषा आहे ही? तुला कुणी शिकवली?"