हरणं पाणी प्यायला आली तेव्हा

आई, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाला मी आता मागे टाकलंय. काल तरणतलावावर एका बाईने विचारलं, "इतकं छान पोहता, कुठे शिकलात?" मी "आईकडे" म्हणाले. पुढचं तुलाच सांगावं असं वाटलं.

सहावीत होते मी. पोलिओने डावा पाय बारीक राहिलेला. शाळेची सहल वसईच्या किल्ल्यावर जायची होती आणि वर्गाच्या बाई तुला म्हणाल्या, "चालणं फार आहे हो. तिलाच त्रास होईल, घरी ठेवा." मला वाटलं तू भांडशील. बोरीवलीला आपल्या बिल्डिंगमध्ये पाण्यावरून भांडण झालं की बाकीच्या बायका तुला पुढे करायच्या. पण तू नुसतं "बरं" म्हणालीस. मी रात्री जेवले नाही, आणि तू समजूतही काढली नाहीस. सहलीच्या दिवशी मात्र तू अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात, जिथे पॅकिंगला जायचीस, तिथे रजा टाकलीस. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधलीस, माझे जादा कपडे पिशवीत भरलेस आणि मला उठवलंस. "चल गो. आपण आपली सहल करूया."

नॅशनल पार्कच्या आतली ती चढाची वाट मला अजून दिसते. तू पुढे, साडी खोचलेली, आणि मी पाय ओढत मागे. अर्ध्यावर मी खाली बसते आणि रडते. बायकोबरोबर फिरायला आलेले एक गृहस्थ थांबतात, म्हणतात, "अहो, उचलून घ्या ना पोरीला." तू त्यांना शांतपणे सांगतेस, "पाय आसत तिका. चलतली ती." ते गेल्यावर मला वाटतं आता मला ओरडा बसणार. तर तू माझ्या शेजारी धुळीत बसकण मारतेस, पोटरी चोळून देतेस. "घाई नाय. तळा खंय पळान जावचा नाय." किती वेळ बसलो कोण जाणे. वरच्या फांदीवरून एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून आपल्याकडे बघत होती, एवढं आठवतं. मग मी आपणहून उठले.

टेकडीपलीकडचं ते तळं लहानसं होतं. जवळच्या पाड्यावरची एक बाई काठावर कपडे धूत होती. तू आधी तिला विचारलंस, मगर बिगर आहे का. "मगर मोठ्या तलावात. इथं म्हशी डुंबतात आमच्या," ती म्हणाली. मग तू साडीचा घट्ट कासोटा मारलास आणि सरळ पाण्यात शिरलीस. आई, तुला पोहता येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. गावच्या विहिरीत उड्या मारणारी मुलगी मुंबईत येऊन बादलीभर पाण्यात अंघोळ उरकत होती, आणि मी तेवढंच तुला ओळखत होते. तू लांब गेलीस, वळलीस, हसत परत आलीस. तुला तसं हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

मला तू उताणी झोपवलंस, पाठीखाली हात धरलास. मी अंग ताठ करायची, बुडायची, नाकातोंडात पाणी जायचं, तुझ्या गळ्याला मिठी मारायची. "घराक जावचा आसा?" तू विचारलंस. मी नाही म्हणाले. तेवढ्यात समोरच्या काठावर झाडी हलली आणि तीन-चार चितळं खाली उतरली. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "हलू नको. गप रव. नायतर पळतली." मी श्वाससुद्धा हळू घेतला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं, एक मादी मान खाली घालून पाणी पीत होती, मधेच कान टवकारत होती. ती पिऊन वर जाईपर्यंत मी तशीच पडून होते. मग तुझा आवाज आला, जरा लांबून. "हात कवाच काढलंय मी."

त्या पाण्यात माझा कुठला पाय कसला, हे मला कळत नव्हतं. नंतर तू मला हातपाय मारायला शिकवलंस, त्यासाठी पुन्हापुन्हा तिथे नेलंस. पण पोहणं मला आलं ते त्याच दिवशी. कॉलेज, नोकरी, अनोळखी शहरात एकटीने घेतलेली खोली, सगळीकडे मी गेले. जाताना घाबरले नाही असं नाही. पण कुणी "तिला जमेल का" म्हटलं की अंग ताठ न करता पडून राहायचं मला ठाऊक होतं.

आता तिथे पाण्यात उतरू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. जनावरांना निवांत पाणी मिळतं.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात ठेवीन. आणि एक सांगते. तुझी मालवणी मला अख्खी कळायची, पण मी तुला उत्तर नेहमी मुंबईच्याच बोलीत दिलं. आज दार लावून, आरशासमोर, तुझ्या बोलीत एक वाक्य बोलून बघितलं. चुकलंच असणार. तरी दोनदा बोलले.